बाळासाठी हाताने शिवलेली गोधडी भेट द्यायची आहे. कापड नवं घ्यावं की जुनं?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, गोधडी हाताने शिवायची हौस आहे, पण जुन्या साडीची दिली तर तिच्या सासरचे काय म्हणतील या विचाराने अडलंय. आत काय भरायचं, किती दिवस लागतील आणि तिला आवडेल का, तेही विचारलंय.

जुनंच घ्या. सासरच्यांना बोलायचं असेल तर ते नव्या कापडावरूनही बोलतील.

नवं कापड कितीही भारी आणलं तरी त्यातली खळ जाऊन ते अंगाला मऊ लागायला खूप धुण्या पडाव्या लागतात. तोवर बाळ गोधडीवरून उठून घरभर फिरायला लागलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षं नेसलेल्या सुती लुगड्याला जो मऊपणा असतो तो दुकानात मिळत नाही. आणि आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचे, ते काही गरिबी होती म्हणूनच नव्हे. बंगालमधल्या कांथाही जुन्या साड्या-धोतरांच्याच. तिथल्या बायका तर दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून उसवून काढायच्या. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात तीही वापरलेल्या कपड्यांची, आणि चारही कोपऱ्यांना घडीचे तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. एवढ्या सगळ्या बायका काय कंजूष होत्या?

हा प्रश्न मी आमच्या जाऊबाईंना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या सासूबाई मिरजेकडच्या. जन्मभर इरकली लुगडं नेसल्या. ऐंशी ओलांडून, नातवंडांची लग्नं पाहून गेल्या. त्यानंतर त्यांची ट्रंक उघडली तर खाली डांबराच्या गोळ्या आणि वर घडीवर घडी लुगडी. पैठणी आणि दोन नारायणपेठी कुणाकडे जाणार हे बोलण्याआधीच ठरलं होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. सुती लुगड्यांचा ढीग उरला. जाऊबाई म्हणाल्या, बोहारणीला देऊन टाकू. आणि खरंच त्यातली दोन देऊन त्यांनी स्टीलची एक चाळण घेतली. बाकीची मी घरी घेऊन आले.

मी वाकळा शिवते हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण लुगड्यांना कात्री लागली तसं जाऊबाईंच्या पोटात दुखायला लागलं. "आईंच्या साड्या फाडल्या" हे वाक्य मी दोन लग्नांत आणि एका मुंजीत ऐकलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. चाळणीचा विषय कुणी काढला नाही.

आता त्या कात्रीबद्दल सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचंही थोडं होईल. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, वार छत्तीस इंचांचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पंचेचाळीस इंच धरला तर एका वाराचा एक थर, बाळाला पुरतो. चार थरांची गोधडी केली, वरचा एक, खालचा एक आणि आत दोन, तर एका लुगड्यात दोन गोधड्या होतात आणि एखादा वार कोपऱ्यांना, ठिगळांना उरतो. हिशोब कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात इरकलीचा पदर बाद करावा लागतो, कारण तो रेशमी असतो, अंगाच्या सुती कापडाला वेगळा जोडलेला. सुईखाली तो सरकतो आणि धुण्यात सगळ्यात आधी विरतो. मग लुगडं खिडकीत उजेडाला धरायचं. बसून बसून जिथे झिरझिरीत झालंय तो भाग आतल्या थरात घालायचा, दाट भाग वर. जरीचे काठ काढून टाकायचे, बाळाच्या गालाला टोचतात. हे सगळं करायला सुईला हात लावण्याआधीच एक अख्खा रविवार जातो. याला कुणी "फाडल्या" म्हणत असेल तर म्हणोत.

पुतणीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला, दिवस गेले तेव्हा ती न्यू जर्सीला. बाळंतपणाला जाऊबाई तिकडे जाणार होत्या. मी सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याची गोधडी शिवली. सासूबाई ते आषाढी एकादशीला हमखास नेसायच्या, पुतणीलाही ते चांगलं आठवत होतं. कडेला त्याच लुगड्याचे लाल काठ, आत दुसऱ्या फिक्या लुगड्याचे थर. बोटभर अंतरावर धावदोरा, चारही बाजूंनी फिरत मध्यापर्यंत. एक ओळ झाली की मी कापड उताणं करून मागची बाजू बघते. मागे टाका पुढच्यासारखाच दिसला पाहिजे. गाठी सगळ्या थरांच्या आत दडवलेल्या, कारण बाळाची बोटं पहिल्यांदा गाठीवर जातात.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी ती घेऊन गेले. हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या, तेवीस-तेवीस किलोंच्या, आणि दीर हातात तो लटकवायचा वजनकाटा घेऊन उभे. डिंकाचे लाडू, अळीव, भाजणी, मेतकूट, पाव शेर वेखंडसुद्धा. जाऊबाईंनी गोधडी उलगडली, घडी घातली आणि म्हणाल्या, "अगं, तिकडे सगळं मिळतं. आणि गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला? वजनही होतंय." म्हणून ती दिवाणाखाली गेली.

घरी त्याच मापाची दुसरी गोधडी होती, ती मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. अर्धा किलोसुद्धा भरली नाही. भाजणीच दोन किलोंच्या वर होती.

गेलेल्या माणसाच्या कापडाबद्दल एकदा बोलूनच टाकते, कारण तुमच्या प्रश्नाखालीही कुणीतरी तेच विचारलंय. माझ्या माहेरी बाळाच्या दुपट्यासाठी मुद्दाम म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाईचं लुगडं मागून आणायचे. तिचं आयुष्य लाभावं म्हणून. ऐंशी वर्षं धडधाकट जगून, सगळ्यांना जेवू घालून गेलेल्या बाईचं कापड अशुभ, आणि कोण कुठल्या कारखान्यातून आलेली गुलाबी ब्लँकेट शुभ, हे मला कुणी समजावून सांगावं.

पुढे पुतणीनेच मला फोन केला. आजीच्या हिरव्या लुगड्याची गोधडी आहे हे तिला तिच्या भावाकडून कळलं होतं आणि ती आईवर भडकली होती. पुतण्या तिकडे गेला तेव्हा घेऊन गेला. आता ती पोर चालते आणि गोधडीचं एक टोक धरून घरभर ओढत नेते. लाल काठ दोन ठिकाणी उसवलाय, पुतणीने फोटो पाठवून विचारलं, काकू, कसा शिवू. मला याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही. जाऊबाई हल्ली भिशीत सांगतात की आमच्याकडे बाळाला आजीच्या लुगड्याची गोधडी द्यायची पद्धतच आहे. धाकटीच्या वेळी त्यांचाच फोन आला, हिरव्यातलं काही उरलंय का म्हणून. मी म्हटलं, उरलंय, चाळण आणून द्या.

असो. तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते.

आत काय भरायचं? काहीही नाही. थरच पुरतात. कापूस भरलात तर तिसऱ्या धुण्याला त्याचे गोळे होतात. तो पांढरा फायबरचा थर मिळतो तो घाम धरतो आणि उकडतं. बाळ दिवसातून किती वेळा ओलं करतं ते तुमच्या मैत्रिणीला फेब्रुवारीत कळेलच. पावसाळ्यात दोरीवर दोन तासांत वाळेल ती गोधडी कामाची. जाड एक देण्यापेक्षा पातळ दोन द्या.

दोरा सुती घ्या. बारीक रिळाचा असेल तर दुहेरी. चारच थर असतात, त्यामुळे दाभण लागत नाही, साधी लांब सुई चालते, पण अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) वापरा, नाहीतर आठवड्यात बोट चाळणीसारखं होईल. आधी फरशीवर थर नीट पसरा, कोपऱ्यांवर डबे ठेवा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा घालून सगळं टाचून घ्या. हे टाळलंत आणि कडेपासून आत शिवत गेलात तर मध्ये कापड फुगून बसतं, मग ते कुठेच जात नाही. दोरा ओढू नका. नुसता बसला पाहिजे.

मशीनवर शिवू नका. मशीनची शिलाई कापडाला पत्र्यासारखं ताठ करते, आणि मग ती गोधडी विकत आणलेल्यासारखीच दिसते, मग शिवलीत कशाला? (तुकडे जोडून वरचा थर करणार असाल तर ती जोडणी मशीनवर केली तर चालेल, मीही करते. टाके मात्र हाताचेच.)

रोज रात्री तासभर बसलात तर महिना-दीड महिना धरा. बारशाला नाही झाली तर उष्टावणाला द्या, कोणी तारीख बघत नाही. नाव मात्र भरू नका. बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत नाव बदलतं. टिकल्या, मणी, लेस, बटणं काही नको, बाळ सगळं तोंडात घालतं.

आवडेल का, हे विचारलंय त्याचं खरं उत्तर असं की सगळ्यांना आवडत नाही. मी शिवलेल्यांपैकी काही प्लास्टिकच्या पिशवीत, चेन लावून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, "खराब होईल म्हणून". मला त्याचा राग जाऊबाईंच्या दिवाणापेक्षा जास्त येतो. ज्या घरात वस्तू वापरायची सवय नाही तिथे सरळ चांदीचा वाळा किंवा पाकीट द्या, तुमचे दीड महिने वाचतील.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, मी वर कितीही तावातावाने लिहिलं असलं तरी जुन्या कापडाचं मैत्रिणीला आधी विचारा, तिच्या सासूला नव्हे, तिला. तिच्या मनाला पटत नसेल तर बाळाच्या बाबतीत तिचंच चालणार. तिच्याच आईची साडी मागून घेतलीत तर प्रश्नच मिटतो. आणि नवंच कापड घ्यायचं ठरलं तर मलमल किंवा साधं सुती घ्या, कापण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुवून घ्या, नाहीतर शिवल्यावर एक थर आटतो आणि बाकीचे आटत नाहीत. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ते कापड बाळाजवळ नको.

दुसरी जास्त महत्त्वाची. पुतणीला तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिलं वर्षभर बाळ झोपतं तिथे सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही, तोंडावर येऊन श्वास अडकण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच तसा सल्ला आहे. पटण्यासारखा आहे. म्हणून तिने वर्षभर गोधडी जमिनीवर अंथरली, बाळाला जागेपणी पोटावर पाडायला, मांडीवर घ्यायला, गाडीत पायावर टाकायला. ("बघ, वापरतसुद्धा नाही," असं तेव्हा जाऊबाईंनी मला फोन करून कळवलं होतं.) मैत्रिणीला देताना हे सांगून द्या, आणि तिच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकायला सांगा.

शिवून झाली की एकदा धुवून, कडक उन्हात वाळवून द्या. चकचकीत कागदात गुंडाळून फीत बांधू नका, तशी दिलेली वस्तू थेट कपाटात जाते. साध्या कापडी पिशवीतून न्या आणि तिच्यासमोर उलगडून अंथरा.