स्ट्रस्ट्रला 'पोर्ट' सांगितलं तर तो 'रिपोर्ट'वर का थांबतो

सी भाषेतल्या तुमच्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाईलमध्ये (सेटिंग्जच्या फाईलमध्ये) पोर्ट=८०८० असं स्वच्छ लिहिलेलं असताना प्रोग्रॅम ३० कुठून आणतो, हा तुमचा प्रश्न. तुमच्याच फाईलमध्ये त्याच्या वर रिपोर्ट=३० अशी ओळ आहे आणि तुम्ही प्रत्येक ओळीवर स्ट्रस्ट्र, म्हणजे मजकुरात अक्षरं शोधणारं सीचं फंक्शन, चालवताय. त्याला ती अक्षरं ओळीत कुठेही मिळाली तरी चालतात, 'रिपोर्ट'च्या पोटातली सुद्धा, आणि उद्या कोणी कमेंटमध्ये 'जुना पोर्ट=९०९०' लिहून ठेवलं तर तेही चालेल. आता शोधायच्या शब्दाच्या पुढेमागे स्पेस नाहीतर बरोबरचं चिन्ह चिकटवून बघू असं करू नका प्लीज, फाईल दुसऱ्या कोणी थोडी वेगळी टाईप केली की परत तेच.

ओळीत नाव शोधायचंच नाही. आधी ओळ फोडायची, नाव वेगळं, व्हॅल्यू वेगळी, मग नाव अख्खंच्या अख्खं जुळतंय का ते स्ट्रसीएमपी या दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) ताडणाऱ्या फंक्शनने बघायचं (जुळलं तर शून्य येतं, इथे बरेच जण अट उलटी लिहितात).

लूपची अट एफगेट्सवरच (एकेक ओळ वाचणारं फंक्शन) ठेवा, एफईओएफवर (फाईल संपली का ते सांगणारं) नको, तो वाचायचा प्रयत्न फसल्यानंतरच 'संपली' असं सांगतो, म्हणून शेवटची ओळ दोनदा प्रोसेस होते. एफगेट्स न्यूलाईन (ओळ संपल्याची खूण) तशीच ठेवतो आणि फाईल विंडोजवर सेव्ह केलेली असेल तर लिनक्सवर तिच्याआधी कॅरेज रिटर्नही येतो, जो स्क्रीनवर दिसत नाही आणि व्हॅल्यूला चिकटून बसतो, तेव्हा स्ट्रसीएसपीएनला दोन्ही कॅरेक्टर द्या, त्यातलं पहिलं कुठे येतं ते तो सांगतो, आणि तिथेच ओळ कापा. सुरुवातीच्या स्पेस ओलांडा, रिकामी ओळ आणि कमेंट सोडा, मग स्ट्रसीएचआरने पहिलं बरोबरचं चिन्ह पकडा. पहिलंच, कारण पासवर्डमध्ये किंवा यूआरएलमध्ये पुढे आणखी असू शकतात. चिन्हच नसेल तर ओळ नंबरासकट एरर दाखवा, गुपचूप पुढे जाऊ नका. दोन्ही तुकड्यांच्या कडेच्या स्पेस काढताना इसस्पेसला (कॅरेक्टर स्पेस आहे का ते सांगणारं फंक्शन) कॅरेक्टर अनसाईन्ड कॅरमध्ये, म्हणजे कधीच निगेटिव्ह न होणाऱ्या प्रकारात, कास्ट करूनच (बदलूनच) द्या; फाईलमध्ये मराठी मजकूर आला तर यूटीएफ-८चे बाइट साध्या कॅरमध्ये बऱ्याच मशीनवर निगेटिव्ह होतात आणि मग काय होईल याची सी कसलीच हमी देत नाही.

अजून एक, आणि हे पोर्टपेक्षा गंभीर आहे. तुमचं फंक्शन लोकल ॲरेचा पॉइंटर, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या जागेचा पत्ता, परत करतंय. फंक्शन संपलं की ती जागा तुमची नाही, आज बरोबर छापतंय म्हणून राहू देऊ नका. बफर (व्हॅल्यू ठेवायची जागा) आणि त्याची साईज फंक्शन बोलावणाऱ्या कोडकडून घ्या, व्हॅल्यू मावत नसेल तर तसं सांगा.

एकच नाव दोनदा आलं तर काय, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) सर्व्हर कॉन्फिगमध्ये बहुतेक कीवर्डना पहिली व्हॅल्यू लागू होते, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) एकच व्हॅल्यू हवी असेल तर शेवटची. पहिली हवी तर सापडताच परत या, शेवटची हवी तर फाईल संपेपर्यंत वाचत राहा, काय ठरवलंत ते कॉन्फिग फाईलच्या डोक्यावर कमेंटमध्ये लिहा, नाहीतर फाईल एडिट करणारा तासभर डोकं धरून बसेल.

आणि व्हॅल्यूतून आकडा काढायला एटॉय हे फंक्शन नको, '८०क०'चे तो बिनबोभाट ८० करतो. त्याऐवजी स्ट्रटोल वापरा, त्याचं वाचन जिथे थांबलं ते दाखवणारा एंड पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटाला पोचलाय का बघा, एकही आकडा नसलेली व्हॅल्यू नाकारा, आणि १ ते ६५५३५ च्या बाहेरचा पोर्ट घेऊच नका.