वडिलांनी थांबावे का?

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांच्या वयाला येत्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण होत आहेत, मालक त्यांना आणखी ठेवून घ्यायला तयार आहेत, आणि ‘आता पुरे करा’ असे त्यांना सांगावे की नाही, असे तू विचारले आहेस. ते सांगणे तुझ्याकडे येत नाही. हिशेब मात्र तू मांडून द्यावास.

भविष्य निर्वाह निधीतले निवृत्तिवेतन, नोकरी किमान १० वर्षे झाली असल्यास, ५८ व्या वर्षी सुरू होते आणि त्यासाठी काम सोडावे लागत नाही. ते ६० पर्यंत लांबवले तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, हे ऐकून पुष्कळ जण अर्ज लांबणीवर टाकतात. पण दोन वर्षांची बुडालेली रक्कम सुमारे ८ टक्के वाढीतून भरून यायला जवळजवळ २५ वर्षे लागतात. तेव्हा अर्ज आताच करावा. पैशाचा प्रश्न एवढा सुटला की कामाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहता येतो.

मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होतो, हे तुला ठाऊक आहेच. ६० व्या वर्षी मुलाच्या आग्रहाखातर काम सोडले. पावसाळा बरा गेला. पण माघात हळदीची पोती उतरू लागली, सौदे सुरू झाले, तसा मी दुपारचे जेवण अर्धवट टाकून यार्डात जाऊन बसू लागलो, आणि तिथे मला खुर्ची मिळे, चहा मिळे, हिशेबाची खतावणी मात्र कोणी हातात देत नसे. (मुलगा याला अजून विश्रांतीच म्हणतो.) अखेर फेब्रुवारी ते मे एवढ्या हंगामापुरते हिशोबपट्ट्या तपासण्याचे काम मी मागून घेतले. उधारीच्या वसुलीला गावोगाव फिरणे मला कधीच आवडले नव्हते. ते तरुण पोराकडे गेले, आणि त्याचे मला काडीचेही दुःख झाले नाही.

म्हणून वडिलांना नोकरी सोडायची आहे की केवळ रात्रपाळी आणि पावसातला गाडीवरचा प्रवास नकोसा झाला आहे, एवढे आधी विचार. पाळी बदलून देणे मालकांना कदाचित जमेल. विचारताना आई समोर असू दे. गुडघ्यांविषयी ते तुझ्याशी खरे बोलणार नाहीत.

तुझा,
काका