अँटेना गच्चीवर, राउटर कुठे?

वाचकांचे प्रश्न : सिमवर चालणारा घरचा राउटर आणि बाहेरचा अँटेना. या वेळचे सगळे प्रश्न बडोद्यातून आले आहेत.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे, भिंती जाडजूड. ४जी राउटर खालच्या दिवाणखान्यात आहे, मागे अँटेना लावायच्या दोन जागा आहेत. १२ डीबीचा (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती वाढला-घटला याचं माप) एक अँटेना आणून गच्चीवर लावला आणि सोबत मिळालेली १५ मीटरची केबल खाली आणली. वेग वाढायचा सोडून कमीच झाला. अँटेना खराब निघाला का?

उत्तर : अँटेना बहुधा ठीक आहे. सिग्नल केबलने खाल्लाय.

केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते बघा. सोबत येणारी केबल बहुतेक वेळा आरजी-५८ असते, नाहीतर त्याहूनही बारीक आरजी-१७४. आरजी-५८ मध्ये ४जीच्या १८०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर दर मीटरमागे पाऊण डेसिबल किंवा थोडं जास्तच जातं, म्हणजे १५ मीटरमध्ये ११-१२ डेसिबल. आरजी-१७४ मध्ये जवळजवळ दुप्पट. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो. खोक्यावरचे १२ डेसिबल खरे धरले तरी खाली पोचेपर्यंत हातात काही उरत नाही. जाणाऱ्या सिग्नलचंही तेच. राउटर टॉवरकडे जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास पाठवतो आणि तेही केबलमध्येच विरतं. अशा वेळी व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस नीट दिसतो, पण तुमचं चित्र अडकतं.

उपाय म्हणजे केबल वाढवू नका, राउटर वर न्या. जिन्याच्या वरच्या खोलीत राउटर ठेवा, अँटेना तिथून दोन-तीन मीटरवर बाहेर लावा आणि मधे एलएमआर-२०० जातीची केबल वापरा. तिच्यात मीटरमागे अर्धा डेसिबल जातो. खाली न्यायची ती कॅट-६ लॅन केबल, कारण ती १०० मीटरपर्यंत वेग कमी न करता चालते. दिवाणखान्यात तिच्या टोकाला साधा वाय-फाय राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट नुसतं वाय-फायवर पसरवणारा) म्हणून लावा. फक्त वरचा राउटर पत्र्याखाली ठेवू नका. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्यापुढे जातो. स्लॅबखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवा.

राउटर खालीच ठेवणं भाग असेल तर एलएमआर-४०० घ्यावी लागेल, १५ मीटरला तीन-साडेतीन डेसिबलच जातील. पण ती १० मिलिमीटर जाड आणि ताठ असते. थेट राउटरला लटकवली तर अँटेना लावायची खाच सोल्डरसकट उखडते. तिला एन कनेक्टर (जाड केबलसाठीचा) लावा आणि राउटरपाशी ३० सेंटिमीटरची लवचिक जोडकेबल द्या.

दुसरी गोष्ट : दोन जागा म्हणजे दोन अँटेना. ४जी राउटर माहितीचे दोन स्वतंत्र प्रवाह एकाच वेळी घेतो, प्रत्येक जागेवरून एक. एकच अँटेना बाहेर लावलात तर दुसरा प्रवाह पंगू होतो आणि सिग्नलच्या दांड्या वाढूनही वेग पडतो. एक अँटेना ४५ अंश डावीकडे कललेला आणि दुसरा ४५ अंश उजवीकडे, असे लावा. एकाच डब्यात दोन्ही बसवलेला, दोन केबलवाला अँटेना मिळतो, तो सगळ्यात सोयीचा. एका अँटेनाला टीव्हीचा स्प्लिटर लावून दोन्ही जागा भरू नका, दोन्हीकडे एकच सिग्नल जाऊन फायदा शून्य होतो. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये अँटेनाचा पर्याय असेल तर तो 'आतला' किंवा 'ऑटो' न ठेवता 'बाहेरचा' करा.

प्रश्न : डिश टीव्हीची जुनी केबल पडून आहे. चालेल?

उत्तर : तात्पुरती चाचणी करायला हरकत नाही. आरजी-६ (डिशची केबल) ही ७५ ओहमची आणि राउटर ५० ओहमचा; हे आकडे जुळलेले बरे, पण या फरकाने दर जोडाला पाव डेसिबलही जात नाही. मीटरमागे तिचा तोटा आरजी-५८ पेक्षा कमीच असतो. त्रास होतो तो एफ कनेक्टरपासून (टीव्हीच्या केबलचं टोक) एसएमएपर्यंत (राउटरची खाच) लावाव्या लागणाऱ्या जोडण्यांचा. त्या ढिल्या होतात आणि पावसात गंजतात.

प्रश्न : अँटेना राउटरला आट्यांवर व्यवस्थित बसला, तरी काहीच फरक नाही. (मांजलपूर)

उत्तर : मधली पिन बघा. ४जी राउटरच्या मागे सहसा एसएमए खाच असते : बाहेरून आटे आणि मधे भोक. तिच्यात जाणाऱ्या अँटेनाच्या नटात मधे पिन हवी. वाय-फायच्या अँटेनाला मात्र बहुधा आरपी-एसएमए असतं, त्याच्या नटात पिनेऐवजी भोक असतं. आटे दोन्हींचे सारखेच, म्हणून तो गुमान बसतो, पण भोकासमोर भोक येऊन आत काहीच टेकत नाही. उलट बाजूने पिनेवर पिन आली तर घट्ट करताना पिन मोडते. शिवाय राउटरच्या मागची प्रत्येक जागा मोबाइल सिग्नलची असेलच असं नाही, काही वाय-फायच्या असतात. छापलेलं नाव वाचा. घट्ट करताना केबल पिळू नका, फक्त नट फिरवा, तोही बोटांनी. पक्कड लावू नका.

प्रश्न : अँटेना कोणत्या दिशेला करावा? मोबाइलच्या दांड्या बघून ठरत नाही.

उत्तर : दांड्या विसरा. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो) आणि दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद : उणे ८० उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११५ च्या खाली संपर्क तुटायला लागतो. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून सिग्नल किती स्वच्छ येतो ते : २० च्या वर छान, शून्याखाली हाल. अँटेना साधारण २० अंश फिरवा, एक मिनिट थांबा, दोन्ही आकडे लिहा, पुढे फिरवा. पूर्ण चक्कर झाल्यावर ज्या दिशेला एसआयएनआर सगळ्यात जास्त आहे ती पकडा, आरएसआरपी तिथे दोन-तीनने कमी असला तरी. आमच्या मते ताकदीपेक्षा स्वच्छता वेगाला जास्त उपयोगी पडते. जवळचा टॉवर समोर दिसतो म्हणून तिकडेच तोंड करायचा मोह होतो; तो तुमच्या कंपनीचा नसूही शकतो.

आरएसआरपी आधीच उणे ७० असून संध्याकाळी वेग पडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर अँटेना हा उपाय नाही.

प्रश्न : पावसाळा आणि उत्तरायण (संक्रांतीचे पतंग), दोन्हींत अँटेना टिकेल का? (कारेलीबाग)

उत्तर : पाणी केबलवरून घरंगळत आत येतं, म्हणून भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळतात. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि वरून काळी इन्सुलेशन टेप. नुसती इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. खांबाला अर्थिंग द्या, केबल आत येते तिथे ५० ओहमचा सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) लावून तोही त्याच अर्थिंगला जोडा. वीज जवळ पडली तर तेवढ्याने राउटर वाचेलच असं नाही. कडकडाट सुरू होण्यापूर्वी अँटेनाची केबल, ॲडॅप्टर आणि लॅन तिन्ही काढून ठेवा. १४ जानेवारीच्या आधी केबल गच्चीवर मोकळी लोंबकळत ठेवू नका, पाइपमधून न्या. मांजा अडकला की ओढाताणीत अँटेनाची दिशा फिरते. उत्तरायण संपल्यावर आकडे पुन्हा तपासा. आणि अडकलेला पतंग काढायला खांबावर चढू नका.

प्रश्न : अँटेनाऐवजी सिग्नल बूस्टरच लावला तर?

उत्तर : नको. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि त्याच्या गोंगाटाने शेजाऱ्यांचे कॉलही तुटतात. साध्या अँटेनात वीज लागणारं काही नसतं, तो सिग्नल नुसता गोळा करतो. अँटेना खरेदी करताना एकच बघा : ५जी राउटर असेल तर अँटेना ३३०० मेगाहर्ट्झच्या वरही काम करणारा हवा. खोक्यावर २७०० पर्यंतच लिहिलं असेल तर तो ४जीपुरता.