वसाहती वाढत असताना वाटाघाटी कशाच्या करायच्या?

इस्रायल-पॅलेस्टाइनवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो. वसाहती म्हणजे १९६७च्या युद्धात इस्रायलने ताब्यात घेतलेल्या भूभागात वसवलेल्या इस्रायली नागरिकांच्या वस्त्या. त्यातला मोठा भूभाग म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेची वेस्ट बँक.

वेस्ट बँकेत वसाहतींसाठी जमीन मिळते कशी? विकत घेतात की बळकावतात? (वाचक, नाशिक)

खरेदी झालेली जमीन थोडी. १९६७च्या युद्धानंतर सुरुवातीला ‘लष्करी गरज’ सांगून पॅलेस्टिनींच्या खासगी जमिनी घेतल्या जात. १९७९ मध्ये एलोन मोरे खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग अडवला. मग सरकारने १८५८चा ऑटोमन जमीन कायदा पुढे केला. जी जमीन नोंदलेली नाही किंवा सलग काही वर्षे कसलेली नाही, ती ‘सरकारी’ ठरवायची आणि वसाहतीला द्यायची. आता यातली मेख बघा. १९६७ पूर्वी, जॉर्डनच्या ताब्याच्या काळात सुरू असलेले जमीन नोंदणीचे काम १९६७ नंतर लष्करी प्रशासनानेच थांबवले होते. त्यामुळे आजोबांपासून ऑलिव्हची झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याकडे दाखवायला कागद नाही, आणि जमीन आपली आहे हे सिद्ध करायचा भार मात्र त्याच्यावर. कायद्याच्या भाषेत झालेला हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इस्रायल या भूभागाला ‘वादग्रस्त’ म्हणते. मग जग वसाहतींना बेकायदा का ठरवते? (वाचक, सोलापूर)

चौथ्या जिनिव्हा कराराच्या ४९व्या कलमानुसार ताबा घेणाऱ्या देशाला आपले नागरिक त्या भूभागात वसवता येत नाहीत. इस्रायलचे म्हणणे असे, की १९६७ पूर्वी तिथे कुणाचेच मान्यताप्राप्त सार्वभौमत्व नव्हते, म्हणून हे कलम लागू होत नाही. पण त्यांच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये सरकारला लेखी कळवले होते, की नागरी वसाहती कराराचा भंग ठरतील. सुरक्षा परिषदेने २०१६च्या ठरावात आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मधल्या सल्लात्मक मतात तेच सांगितले.

गाझातून वसाहती उठवल्या, त्याचे फळ काय मिळाले? रॉकेट आणि ७ ऑक्टोबर. मग वेस्ट बँक कशी सोडायची? (वाचक, पुणे)

ही शंका रास्त आहे. ती झटकून टाकणाऱ्यांचे इस्रायली माणूस ऐकून घेणार नाही. २००५ मध्ये पंतप्रधान एरियल शेरॉन यांच्या सरकारने गाझातल्या २१ वसाहती रिकाम्या केल्या, आठ हजारांहून अधिक लोकांना हलवले. २००६ मध्ये हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेने पॅलेस्टिनी निवडणूक जिंकली, २००७ मध्ये गाझाचा ताबा घेतला, आणि तिच्या ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात जे मृत्यूचे थैमान झाले, तेही आपल्या डोळ्यांपुढे आहे.

पण याच देशाने १९८२ मध्ये इजिप्तला परत दिलेल्या सिनाईतली यामित वसाहतही उठवली होती. रहिवाशांना अक्षरशः उचलून बाहेर काढावे लागले. पंतप्रधान होते उजव्या लिकुड पक्षाचे मेनाहेम बेगिन, संरक्षणमंत्री शेरॉनच. इजिप्तबरोबरचा १९७९चा शांतता करार आजही टिकून आहे. सिनाईतून माघार झाली ती करार करून, समोरच्या सरकारला जबाबदार धरून. गाझातून माघार झाली ती एकतर्फी. पॅलेस्टिनी प्रशासनाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या हाती त्यातून काहीच आले नाही. चर्चेची वाट धरणारे रिकाम्या हाती राहिले आणि ‘आमच्या बंदुकांनी ज्यूंना पळवले’ असे मिरवायला हमास मोकळी झाली. शिवाय गाझाचे आकाश आणि समुद्र इस्रायलच्याच ताब्यात राहिले. वसाहती उठवणे चुकले नाही. कराराविना उठवणे चुकले, असे मी म्हणेन.

कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायलीही वसाहतींतच राहतात का? (वाचक, अलिबाग)

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद ही त्यांची मुख्य गावे १९४९च्या युद्धविराम रेषेच्या आत, म्हणजे इस्रायलमध्येच आहेत. मणिपूर-मिझोराममधून गेलेल्या बेने मेनाशे या ज्यू समाजातली काही कुटुंबे मात्र हेब्रॉनजवळच्या किर्यात अर्बासारख्या वसाहतींत स्थायिक झाली.

आता स्वतंत्र पॅलेस्टाइन शक्य तरी आहे का? (वाचक, नागपूर)

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात ऑस्लो करार झाला तेव्हा, १९९३ मध्ये, पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार वसाहतवासी होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. वाटाघाटी चालू आणि बांधकामही चालू, हे पाहिल्यावर पॅलेस्टिनींचा चर्चेवरचा विश्वास का उडाला ते वेगळे सांगायला नको.

तरी नुसत्या संख्येने मी निराश होत नाही. मोदिईन इलित आणि बेतार इलित या अतिधार्मिक ज्यूंच्या दोन मोठ्या वसाहती सीमारेषेला लागून आहेत. तिथे बरेच जण स्वस्त घरासाठी आले. अशा वसाहती इस्रायलकडे ठेवून तितकीच जमीन पॅलेस्टाइनला द्यायची, ही अदलाबदल तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट आणि अब्बास यांच्या २००८च्या चर्चेत होतीच. खरी अडचण आत खोलवर, डोंगरमाथ्यांवर पसरलेल्या छोट्या वसाहतींची आहे. त्यांच्या रस्त्यांनी आणि सुरक्षापट्ट्यांनी पॅलेस्टिनी गावे एकमेकांपासून तुटतात.

माझी सर्वांत मोठी काळजी आहे ई-१ पट्ट्याची. पूर्व जेरुसलेम आणि मआले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्यामधला हा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा भाग. तिथल्या सुमारे ३,४०० घरांच्या योजनेला ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाईल, असे तेव्हाचे इस्रायली अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघड सांगितले. ती घरे उभी राहिली तर रामल्ला आणि बेथलेहेम यांच्यामधला मोकळा पट्टा संपेल आणि पूर्व जेरुसलेम उरलेल्या वेस्ट बँकेपासून तुटेल. अमेरिका आणि युरोपच्या दबावाने ही योजना कित्येक वर्षे अडून राहिली होती. तोच दबाव पुन्हा आणायचा तर तो पाया खणण्याआधी आणायला हवा.