एल्कोला जाताय? मग एवढं ऐका

पहिल्यांदाच निघालात, म्हणून सांगतो. सॉल्ट लेक सिटीहून आय-८० हा महामार्ग धरला की अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं एल्को साधारण ३७० किलोमीटर. तिथलं घड्याळ एक तास मागे, हे विसरू नका. काउबॉय कवींचा मेळावा १९८५ पासून तिथे भरतो, तोही ऐन हिवाळ्यात. कारण सरळ आहे: गुराख्यांना तेव्हाच जरा उसंत असते. त्यामुळे बर्फाचे टायर हवेतच.

कार्यक्रमात मोबाइल खिशात ठेवा. ही कविता वाचायची नव्हे, ऐकायची. यमक ठसठशीत, चाल घोड्याच्या टापांची, आणि म्हणणारा बहुधा कागदाशिवाय उभा. (जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कानांना हे परकं वाटत नाही.) सगळं कळलं नाही तरी चालेल; खोगिराच्या भागांची नावं मलाही अजून नीट येत नाहीत.

जेवायला स्टार हॉटेल. १९१० मध्ये बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या मुलखातल्या) मेंढपाळांच्या मुक्कामासाठी बांधलेलं. सूप, सॅलड, बीन्स मोठ्या भांड्यांतून टेबलावर येतात, वाढून घ्यायचं. शेजारच्याशी बोला. गावाचा इतिहास, म्हणजे १८६८ साली रेल्वेबरोबर वसलेली वस्ती, गुरंवाले, मेंढीवाले, तिथे फलकांपेक्षा जास्त कळतो. स्टेक मात्र दोघांत एकच घ्या.