जिआर्डियाचा कोर्स संपला तरी पोट परत बिघडलंय, त्याच गोळ्या पुन्हा घेऊ का?

लगेच घेऊ नका, थांबा जरा. तुम्ही लिहिलंय की शेतातल्या विहिरीचं पाणी पिऊन जुलाब लागले, रिपोर्टात जिआर्डिया (आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा एकपेशी जीव) निघाला, कोर्स पूर्ण केला, आठवडाभर बरं होतं आणि आता सकाळचा चहा पोटात गेला की परत गुडगुड आणि पळापळ. मी डॉक्टर नव्हे, पण हे सगळं अगदी ह्याच क्रमाने भोगलंय म्हणून सांगायलोय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि तिच्या वरच्या अंगाला गोठा, म्हणजे काय काय वाहून खाली येत असेल ते तुम्हीच समजा. मला आधी वाटलं आदल्या दिवशीच्या लग्नाच्या जेवणानं झालं, सगळ्यांना तेच वाटतं, पण जिआर्डिया पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण 1 ते 2 आठवडे लागतात, त्यामुळं बिचाऱ्या आचाऱ्याला फुकटच्या शिव्या. ताप नाही, रक्त नाही, आव पडल्यासारखं काही नाही, नुसतं पोट ढोलासारखं फुगलेलं, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, आणि संडासला तेलकट, पाण्यावर तरंगणारं, घाण वासाचं. दीड महिन्यात 6 किलो उतरलो. मेडिकलमधून मागून 4 गोळ्या आणल्या, 2 दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या फ्रिजवर ठेवून दिल्या, ती पहिली चूक. परत त्रास सुरू झाल्यावर तपासणी केली तर पहिला नमुना नॉर्मल! हा किडा रोज बाहेर पडत नाही हो, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे 3 नमुने द्यायला लागतात, माझा तिसऱ्यात सापडला. मग डॉक्टरांनी टिनिडाझोल दिलं, मोठ्या माणसाला 2 ग्रॅम एकदाच, म्हणजे 500 च्या 4 गोळ्या जेवणावर. (गोव्याहून आणलेली बाटली असेल तर ती 3 दिवस तरी कपाटातच राहू दे, ह्या औषधावर दारू चालत नाही.) लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि गरोदर बाईला तर विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

आठ दिवस झकास गेले आणि मग तुमच्यासारखंच. मी शहाणा, स्वतःच्याच मनानं आणखी एक कोर्स मारला, तोंडात गंजका खिळा चघळल्यासारखी चव आणि पोट जिथल्या तिथं. शेवटी डॉक्टरांनी एकच विचारलं, दूध किती पिताय? वजन भरून यावं म्हणून आई दोन वेळा मोठा पेला भरून द्यायली होती, वर येता जाता कुंदा, ती आमची दुधाची मिठाई! भानगड अशी की हा जीव लहान आतड्याच्या वरच्या भागात भिंतीला चिकटून बसतो, तिथं दूध पचवणारं लॅक्टेज असतं त्याची वाट लावतो, किडा मेला तरी ते भरून यायला काही आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. दूध न पचता पुढं सरकतं आणि परत गॅस, परत जुलाब. लक्षणं इतकी सारखी की माणूस म्हणतो औषध लागू पडलं नाही.

तेव्हा आधी 10-15 दिवस दूध, चहातलं दूधसुद्धा, खवा, आइस्क्रीम सगळं बंद करून बघा की. मला तिसऱ्या दिवशीच फरक पडला. नाहीच पडला तर परत 3 नमुने द्या, आणि त्यात सापडला तर मात्र एकतर औषध पुरलं नाही किंवा तुम्ही परत तेच पाणी प्यायलात. मग डॉक्टर गोळी बदलतील, नायटाझोक्सानाइड 3 दिवस वगैरे. घरातली पोरं पण बघून घ्या, काहीच त्रास नसताना त्यांच्या संडासातून हे पडत असतं आणि हात धुतले नाहीत की सगळ्या घराला. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर ह्यातलं काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पाण्याचं म्हणाल तर तुरटीनं गढूळपणा बसतो, किडा मरत नाही. कापडातून गाळून पण उपयोग नाही, हे प्रकरण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, कापडातून आरामात जातं. क्लोरीनचे थेंब जंतूंना मारतात पण ह्याचं कवच टणक, थंड पाण्यात महिना-दोन महिने सुद्धा टिकतो. उकळा, एवढंच. खळखळ उकळी फुटल्यावर 1 मिनिट बास झालं, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. आमच्या आज्जीला हे पटत नाही, ती अजून पाव हंडा आटेपर्यंत उकळते.

पोट बसलं की आधी पातळ ताक, मग दही, मग चहात थोडं दूध. कुंदा सगळ्यात शेवटी, मी दोन महिन्यांनी खाल्ला.