यंत्रसल्ला : कडक बोल्ट घालू का?

प्रश्न : माझ्याकडे २५ अश्वशक्तीचा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा, पेडलने वेग बदलणारा) छोटा ट्रॅक्टर आहे आणि मागे पीटीओवर (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, बर्फ उचलून लांब फेकणारा स्नो ब्लोअर. ओला बर्फ पडला की इंजिन दबतं, चूट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) तुंबते आणि शियर बोल्ट सारखे तुटतात. शेजारी म्हणतात, हाय टेन्साइल बोल्ट घाल, कटकट मिटेल. घालू का?

उत्तर : मुळीच नको. शेजाऱ्यांना नमस्कार सांगा आणि तो बोल्ट त्यांच्याच डब्यात राहू द्या.

शियर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. ऑगरमध्ये (बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या पात्यात) दगड, गोठलेलं ढेकूळ किंवा बर्फाखाली विसरलेलं पायपुसणं अडकलं की आधी तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. कडक बोल्ट तुटणार नाही, मग गिअरचे दात तरी जातील नाहीतर शाफ्ट. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच बोल्ट घाला.

तरीही बोल्ट सारखे का तुटतात, हा प्रश्न उरतोच. ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात टाका आणि बोल्टचं भोक नीट बघा. वापरून वापरून ते लांबट झालं असेल तर नवा बोल्ट आत खुळखुळतो, दर फेऱ्याला ठोके खातो आणि काहीही न अडकता तुटतो. तसं असेल तर ते वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून घ्या. हातासरशी आणखी एक तपासा, बोल्ट काढून ऑगर हाताने फिरवून बघा (हातमोजे घाला, पात्याच्या कडा धारदार असतात). शाफ्टवर तो मोकळा फिरला पाहिजे. गंजून शाफ्टला चिकटला असेल तर बोल्ट असून नसल्यासारखा, सगळा हिसका थेट गिअरबॉक्सला बसतो. तिथल्या ग्रीस निपलकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला ग्रीस भरा.

आता इंजिन दबण्याबद्दल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण इंजिन कुंथायला लागलं की तुमचा हात थ्रॉटल कमी करायला जात असणार, बहुतेकांचा जातो. इथे ते उलटं पडतं. बर्फ लांब फेकतो तो इम्पेलर (ऑगरमागचा पंखा) आणि त्याचा वेग येतो पीटीओकडून. टॅकोमीटरवर (इंजिनचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवर) ५४० ची, म्हणजे पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांची खूण असते, काटा तिथेच ठेवा. त्याखाली आला की बर्फ फेकला जात नाही, नुसता ढकलला जातो आणि चूटमध्ये साचतो. हायड्रोस्टॅटिकचा फायदाच हा की इंजिनचा वेग तोच ठेवून चालण्याचा वेग पायाने कमी करता येतो. लो रेंज घ्या आणि पेडल हलकं ठेवा. इंजिन तरीही दबलं तर आणखी सावकाश चला किंवा ब्लोअरच्या अर्ध्याच रुंदीचा पट्टा घ्या. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या गाडीच्या नांगराने कडेला टाकलेला कडक ढीग तर कधीच एका घासात घेऊ नका. चूट कोरडी असताना आतून सिलिकॉन स्प्रे मारलात तर ओला बर्फ कमी चिकटतो.

पीटीओ जोडताना इंजिन सावकाश ठेवा, मग वेग वाढवा. पीटीओ चालू असताना ब्लोअर वीतभरापेक्षा जास्त उचलू नका. शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि तो खडखडायला लागतो.

आणि तुंबलेली चूट मोकळी करताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबलं की मगच खाली उतरा. बर्फ काढा तो काठीने, हाताने कधीच नाही. सीटवरून उठलं की यंत्र बंद करणाऱ्या सीटखालच्या स्विचच्या भरवशावर बोटं पणाला लावू नका. अडकलेला इम्पेलर मोकळा होताना एकदम हिसका देऊ शकतो.

प्रश्न : मागे वळून वळून मान दुखते. पुढे बसणारा ब्लोअर घ्यावा का?

उत्तर : अंगण मोठं असेल तर जरूर घ्या. समोर बघत काम होतं आणि चाकांखाली बर्फ दाबला जाण्याआधीच उचलला जातो (दाबलेला बर्फ मागच्या ब्लोअरला खरवडावा लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल). पण आधी ट्रॅक्टरला मिड पीटीओ (ट्रॅक्टरच्या पोटाखालचा पीटीओ, पुढचा ब्लोअर त्यावर चालतो) आहे का ते तपासा. नसेल तर तुमच्या मॉडेलला तो बसवता येतो का, हे विक्रेत्याला विचारा. छोट्या जागेसाठी मात्र इतका खटाटोप करू नका, आरसे लावा आणि थोड्या थोड्या वेळाने थांबा.

पुढचा ब्लोअर घेतलाच तर मागे बॅलास्ट बॉक्स (वजन भरलेली पेटी) किंवा चाकांना वजनं लावल्याशिवाय चालवू नका. पुढचं ओझं मागची चाकं हलकी करतं आणि छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांवर असतात. बर्फाळ उतारावर फोर व्हील घातलेलंच राहू द्या, म्हणजे ब्रेक लावताना पुढची चाकंही साथ देतात, मागच्या टायरांना साखळ्याही लावा.